फोनची घंटा आणि उजवा खांदा: जुनाट डोकेदुखीतल्या बायोफीडबॅकचं एक प्रकरण

पहिल्या भेटीत त्या समोर येऊन बसल्या तेव्हा त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर होता. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मीही तेव्हा काही बोलले नाही. फक्त टिपून ठेवलं.

वय 39. काम आपत्कालीन मदतवाहिनीवर फोन घेण्याचं, अकरा वर्षांपासून, शिफ्टमध्ये. तक्रार अशी की कपाळाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं डोकं दुखतं, दोन्ही बाजूंनी, आणि दुखणं मानेत उतरतं. मळमळ नाही, जिना चढल्याने वाढत नाही. चार वर्षं हे असंच चाललेलं. (त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे घरचे तपशील गाळले आहेत.)

त्यांना बायोफीडबॅक शिकायला न्यूरॉलॉजिस्टने माझ्याकडे पाठवलं होतं. चिठ्ठीवर निदान होतं ‘जुनाट तणावजन्य डोकेदुखी’. महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिलं की तिला जुनाट म्हणतात. खाली आणखी एक ओळ होती: वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर. ही ओळ पुष्कळ जणांना चकित करते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 दिवस किंवा जास्त, अनेक औषधं एकत्र असलेली गोळी 10 दिवस किंवा जास्त, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर ज्या गोळीने दुखणं थांबायला हवं तीच ते चालू ठेवू लागते. बाई महिन्याला 17 दिवस गोळी घेत होत्या.

तपासण्या आधी झालेल्या होत्या, आणि ते तसंच व्हायला हवं. डोकेदुखी क्षणात टोकाला पोचली, सोबत ताप येऊन मान आखडली, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, दिसण्यात फरक पडला, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, तर आधी डॉक्टर. सेन्सर लावायची वेळ त्यानंतर येते.

बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “मॅडम, सगळे सांगतात टेन्शन घेऊ नका. मी टेन्शन घेतच नाही हो. समोरचा ओरडत असतो, रडत असतो, मी एकदम शांत असते.”

ते खरंच होतं. त्यांचा आवाज इतका सपाट आणि स्थिर होता की संकटात मला अशाच कुणाशी बोलायला आवडेल.

बायोफीडबॅक म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं तसंच इथे सांगते. शरीरात सतत काही ना काही चाललेलं असतं. स्नायू आवळतात, बोटं गार पडतात, श्वास अडकतो, नाडीचा वेग बदलतो. यातलं बरंचसं आपल्याला जाणवत नाही. ते यंत्राने मोजायचं, त्याच क्षणी पडद्यावर रेघ म्हणून किंवा आवाज म्हणून परत दाखवायचं, आणि ते बघत बघत माणसाने आपल्या शरीराला वळण लावायला शिकायचं. “करंट लागतो का?” हा प्रश्न हमखास येतो. त्यांनीही विचारला. नाही. यंत्र शरीरात काहीच सोडत नाही, ते फक्त ऐकतं. काम माणसाचं, यंत्राचं नाही, आणि म्हणूनच इथे आळस चालत नाही, असंही मी पहिल्याच दिवशी सांगते.

दोन्ही खांद्यांवरच्या ट्रॅपेझियस स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवले, एक जोडी कपाळावर. स्नायू आवळला की त्यात निर्माण होणारी बारीकशी वीज ते टिपतात, आणि ती मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात: आकडा जितका मोठा तितका स्नायू आवळलेला. पोटाभोवती श्वासाचा पट्टा. एका बोटाला नाडीचा चिमटा, दुसऱ्याला तापमान मोजणारा मण्याएवढा सेन्सर. पाच मिनिटं नुसतं बसायचं. उजव्या खांद्याचा आकडा 9 मायक्रोव्होल्टच्या आसपास, डाव्याचा 4. (हे आकडे यंत्रागणिक आणि इलेक्ट्रोडच्या जागेगणिक बदलतात, त्यामुळे एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्यावरच्याशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. त्याच माणसाचा, त्याच यंत्रावरचा फरक बघायचा.) बोटाचं तापमान 27 अंश. खोली काही गार नव्हती. शरीर सावध असलं की बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं गार पडतात, ते हे.

मग मी म्हटलं, “आता फोनची घंटा वाजेल.” घंटा वाजवायला अजून काही सेकंद होते. पण माझं वाक्य संपता संपता उजव्या खांद्याची रेघ उभी चढली, 26 वर गेली, आणि श्वासाची रेघ आडवी झाली. एकदम सपाट. घंटा वाजली, थांबली, आणि सात सेकंदांनंतर त्यांच्या पोटाने पुन्हा हालचाल केली.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. “मी श्वास घेत नाहीये?”

अकरा वर्षं दर शिफ्टला किती फोन, याचा हिशेब आम्ही दोघींनी मनातल्या मनात केला असावा. कुणी काही बोललं नाही.

पहिली दोन सत्रं फसली म्हणायला हरकत नाही. मी सांगितलं, रेघ खाली आणा. आणि त्या मनापासून प्रयत्नाला लागल्या. जितका प्रयत्न, तितकी रेघ वर. जीभ टाळूला दाबलेली, भुवया एकत्र आलेल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. हे फार जणांचं होतं, विशेषतः आयुष्यभर कामात चोख असलेल्यांचं. सैल सोडणं हे जोर लावून करायचं काम नाही, हे नुसतं सांगून कुणाला समजत नाही. स्नायूलाच ते समजावं लागतं.

तिसऱ्या वेळी उलट केलं. म्हटलं, रेघ वर न्या. खांदा कानाला लावा. 30 वर गेली. आता निम्मं सोडा. आता त्याच्या निम्मं. आता इतकंच ठेवा की बघणाऱ्याला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. इथे त्या थांबल्या. “हे तर माझं नेहमीचं आहे,” त्या म्हणाल्या. पडद्यावर आकडा होता 9. ज्याला त्या विश्रांती समजत होत्या तो त्यांच्या खांद्याचा कामाचा ताण होता, आणि त्याच्या खालीही काही उरतं हे त्यांच्या मानेला कित्येक वर्षांत माहीत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा आकडा 4 च्या खाली गेला, फार तर वीस सेकंद. माझ्या लेखी खरी सुरुवात ती.

स्नायूंचा ताण ऐकवून डोकेदुखी कमी करायला शिकवता येतं, हे काही आजचं नाही. कोलोरॅडो विद्यापीठात थॉमस बुडझिन्स्की आणि जोहान स्टोयव्हा यांनी 1970 च्या आसपास कपाळाच्या स्नायूचा ताण आवाजाच्या रूपात रुग्णांना ऐकवला. ताण वाढला की आवाज चढायचा, उतरला की उतरायचा. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका गटाला स्वतःच्या स्नायूचा खरा आवाज मिळाला आणि दुसऱ्या गटाला दुसऱ्यांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण. खऱ्या आवाजाच्या गटाची डोकेदुखी जास्त कमी झाली. सगळं या छोट्या प्रयोगावर उभं नाही, पण बीज तिथलं.

श्वासाचं शिक्षण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घेतलं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे जलद होतात, सोडताना थोडे मंद. ही चढ-उतार निरोगी असते. मिनिटाला साधारण सहा श्वास, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा, अशा लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा आणि श्वास यांची ताल जुळते आणि ही चढ-उतार सर्वांत मोठी होते. एव्हगेनी वाशिलो आणि पॉल लेरर या संशोधकांनी यावरून शिकवण्याची पद्धत बसवली. प्रत्येकाची लय थोडी वेगळी, मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांच्या दरम्यान कुठेतरी. ती शोधावी लागते. आमच्या बाईंची साडेपाचला सापडली. पडद्यावर नाडीची रेघ डोंगररांगेसारखी एकसारखी वर-खाली होऊ लागली, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

पण त्या सत्रात एक गडबडही झाली. पाच मिनिटांत त्यांना गरगरायला लागलं, ओठांभोवती मुंग्या आल्या. घाबरून त्यांनी पट्टा सोडायला घेतला. कारण साधं होतं. मी ‘सावकाश’ म्हटलं होतं, त्यांनी ‘सावकाश आणि खोल’ ऐकलं होतं. प्रत्येक श्वास छाती भरून घेतला की वेग कमी असूनही हवा गरजेपेक्षा जास्त आत-बाहेर होते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि गरगरतं. श्वास छोटाच ठेवायचा, फक्त सोडताना लांबवायचा. तेव्हापासून मी ‘खोल श्वास घ्या’ हे शब्द तोंडातून जाऊ देत नाही. ज्याला आधीच घाबरण्याचे झटके येतात त्याला अशा मुंग्या म्हणजे झटक्याची नांदीच वाटते, आणि तो परत येत नाही.

पाचवं सत्र या प्रकरणातलं सर्वांत अवघड. माझ्या कागदावर सगळं उत्तम होतं. मागे रेलायच्या खुर्चीत, डोळे मिटून, उजवा खांदा 3 च्या आत. बोटाचं तापमान 32 अंशांवर. आणि त्यांच्या डायरीत सातपैकी सहा दिवस डोकेदुखी. “मॅडम, इथे सगळं छान होतं आणि कामावर गेलं की तेच. मला वाटतं मला नाही जमणार.”

दोन गोष्टी होत्या. एक, न्यूरॉलॉजिस्टनी तिसऱ्या आठवड्यापासून गोळ्या कमी करायला घेतल्या होत्या, आणि गोळी सुटताना पहिले काही दिवस-आठवडे दुखणं वाढतं. हे त्यांना आधी सांगितलेलं होतं, पण दुखत असताना सांगितलेलं आठवत नाही. दुसरी गोष्ट माझी चूक होती. मी त्यांना रेलून, डोळे मिटून, शांत खोलीत शिकवत होते. त्यांचं दुखणं ताठ बसून, हेडसेट लावून, डोळे पडद्यावर ठेवून, घंटेच्या आवाजात तयार होत होतं. पोहायला काठावर शिकवल्यासारखं झालं ते. सत्रातला आकडा खाली आला की शिकवणाऱ्याला बरं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. सत्रातला आकडा हे उद्दिष्ट नसतंच.

सहाव्या सत्राला त्या स्वतःचा हेडसेट घेऊन आल्या. रेलायची खुर्ची बाजूला, टेबल, कीबोर्ड, साधी खुर्ची. घंटा मी वाजवायची, कधी तेही न सांगता. आपत्कालीन फोनला एक सेकंदही उशीर चालणार नाही, ही अट त्यांची होती आणि अगदी रास्त होती. म्हणून आम्ही वेळ मागितलाच नाही. हात बटणाकडे जातो तेवढ्यात श्वास बाहेर सोडायचा. आत घेऊन थांबायचं नाही, बाहेर सोडत जायचं. “मदतवाहिनी, बोला” हे शब्द त्या सुटत्या श्वासावर बसवायचे. तीस-चाळीस वेळा केलं. पहिल्या दहांत श्वासाची रेघ दर वेळी सपाट. मग एखाद्या वेळी नाही. मग बहुतेक वेळा नाही.

आणि सातव्या सत्रात जे झालं त्यासाठी माझी काही तयारी नव्हती. घंटा नव्हती, काही नव्हतं, त्या नुसत्या बसल्या होत्या, आणि उजव्या खांद्याची रेघ सावकाश चढायला लागली. बोटाचं तापमान उतरायला लागलं. मी विचारलं नाही. त्यांनाही पडद्यावर दिसत होतंच. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “मला एक फोन आठवला.” चार वर्षांपूर्वीचा. एका मुलाचा होता. त्यापुढचं लिहिणं योग्य नाही. डोकेदुखी चार वर्षांची होती, हे आमच्या दोघींच्याही एकाच क्षणी लक्षात आलं.

ज्या बाईला “तुम्हाला काही त्रास आहे का” असं शंभरदा विचारलं असतं तरी तिने “नाही” म्हटलं असतं, तिला त्या रेघेने बोलतं केलं. मन आणि शरीर वेगळं नाही असं आपण सर्रास म्हणतो. पण स्वतःच्या बोटाचं तापमान एका आठवणीने उतरताना डोळ्यांनी बघणं वेगळं. त्यात कुणी त्यांना दुबळं ठरवत नव्हतं, निदान सांगत नव्हतं. त्यांचं शरीर सांगत होतं आणि ऐकणाऱ्या त्याच होत्या. मात्र तिथून पुढचं काम बायोफीडबॅकचं नाही. सेन्सर लावून असली जखम भरत नाही. आघातावर काम करणाऱ्या समुपदेशक सहकाऱ्याकडे मी त्यांना पाठवलं, आणि आमची सत्रं सोबत चालू ठेवली.

डायरीचे आकडे असे. पहिल्या चार आठवड्यांत 28 पैकी 21 दिवस डोकेदुखी. नवव्या ते बाराव्या आठवड्यात 12 दिवस. सहा महिन्यांनी 28 पैकी 7, आणि त्यातलेही बहुतेक सौम्य. गोळ्या 17 दिवसांवरून 3 वर. झोप आधी सुधारली, डोकं नंतर. घरी चिडणं कमी झालं हे मला त्यांच्या डायरीच्या समासात सापडलं, मी विचारलं नव्हतं.

यातलं किती बायोफीडबॅकने झालं? एका प्रकरणावरून ते सांगता येत नाही, आणि सांगू नये. गोळ्यांचा अतिवापर थांबवल्यानेच कित्येकांची डोकेदुखी कमी होते. समुपदेशनाचा वाटा आहे. डायरी लिहिण्याचाही आहे. शिवाय एक गोष्ट मला सतत खटकत होती. आठव्या-नवव्या सत्रात डोकेदुखी उतरत होती, पण बसून काम करताना उजव्या खांद्याचा आकडा 6 च्या खाली जात नव्हता. स्नायू फार सैल झाला नव्हता, तरी डोकं कमी दुखत होतं.

याचा एक धागा जुन्या संशोधनात आहे. केनेथ हॉलरॉइड आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये डोकेदुखी असलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. सगळ्यांना वाटत होतं की आपण स्नायूचा ताण कमी करायला शिकतो आहोत, पण निम्म्यांना नकळत ताण वाढवायला शिकवलं जात होतं. त्याशिवाय काहींना “तुम्हाला फार छान जमतंय” असं दाखवलं, काहींना “बेताचं जमतंय”. छान जमतंय असं ज्यांना दिसलं त्यांची डोकेदुखी सरासरी 53 टक्के कमी झाली, बाकीच्यांची 26 टक्के. स्नायूचा ताण खरोखर वाढला की घटला, याने फरक पडला नाही. बुडझिन्स्की आणि स्टोयव्हांच्या निष्कर्षाशी हे सरळ जुळत नाही, आणि मला ते जुळवून दाखवायचंही नाही. पण खोलीत रोज बसणाऱ्या माणसाला हॉलरॉइड यांचं म्हणणं ओळखीचं वाटतं. ‘हे माझ्या हातात आहे’ हे एकदा पटलं की माणूस दुखण्याच्या आधीच्या खुणा बघायला लागतो, लवकर उठतो, पाणी पितो, मान फिरवतो, गोळीच्या डब्याकडे धावत नाही. बाईंचेच शब्द: “आधी डोकं आपोआप दुखायचं. आता ते कुठून चालत येतं ते कळतं.”

म्हणून मला राग येतो तो बायोफीडबॅक सगळ्यावरचा इलाज म्हणून विकणाऱ्यांचा. अर्धशिशी आणि तणावजन्य डोकेदुखीसाठी पुरावा चांगला आहे. शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जाऊन होणारी बद्धकोष्ठता आणि काही स्त्रियांमधला लघवीवरचा ताबा सुटणं, यांतही चांगला. चिंतेसाठी श्वास-नाडीचं शिक्षण उपयोगी पडतं. रक्तदाबात परिणाम माफक, आणि औषधं सोडायला ते कारण नाही. मुलांच्या एकाग्रतेसाठी मेंदूच्या लहरींवर केलं जाणारं न्यूरोफीडबॅक अजून वादात आहे. हे माणसाला सांगून मग सेन्सर लावावेत. ज्याला खरं सांगितलं आहे तोच घरी सराव करतो.

शेवटची दोन सत्रं पडदा बंद ठेवून घेतली. यंत्र चालू, आकडे फक्त मला दिसतात, त्यांनी अंदाज सांगायचा. त्यातल्या पहिल्या दिवशी त्यांचा अंदाज दुपटीने चुकायचा. दहाव्या सत्रापर्यंत एक-दीडच्या फरकावर आला.

सहा महिन्यांनी त्या तपासणीला आल्या तेव्हाही हेच केलं. पडदा त्यांच्याकडे पाठ करून. “चार,” त्या म्हणाल्या. 4.6 होता. तेवढ्यात टेबलावरचा माझाच फोन वाजला, मी तो बंद करायला विसरले होते. रेघ 15 वर गेली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “आत्ता वर गेला असेल ना?” आणि श्वास सोडला. मी फोन उचलला नाही. आकडा उतरताना बघत राहिले: 11, 8, 5.